कलासंग्रहालयाचा इंटरनेट रेडिओ सुरू करताय? सर्व्हर सगळ्यात शेवटी घ्या

समकालीन कलेचं छोटं संग्रहालय, एखादी आर्ट गॅलरी, कला महाविद्यालय किंवा चित्रकारांचा गट इंटरनेट रेडिओ काढायचं ठरवतो तेव्हा पहिली खरेदी मायक्रोफोनची होते आणि दुसरी सर्व्हरची. मग लोगो, मग उद्घाटनाची तारीख. वाजवायचं काय, हा प्रश्न उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात येतो आणि परवानगीचा कागद कधीच येत नाही. महिन्याभरात तेच चार कार्यक्रम फिरत राहतात, एखादा कलावंत “माझी मुलाखत काढून टाका” म्हणतो, आणि रेडिओ बंद पडतो. यात तंत्र क्वचितच कमी पडतं. चुकतो तो क्रम.

खालचा क्रम सांगली-मिरज-कुपवाड परिसर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. साताऱ्यात किंवा कराडात काम करणाऱ्यांनाही तो जसाच्या तसा चालेल. पुराचा भाग आपापल्या नदीप्रमाणे बदलून घ्यावा.

टप्पा १. रेडिओ म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवा

दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. पहिला चोवीस तास वाहणारा सलग प्रवाह, म्हणजे ऐकणारा मध्येच कधीही येतो आणि जे चाललंय ते ऐकतो. दुसरा सुटे भाग, हवे तेव्हा ऐकायचे. बार्सिलोनाच्या समकालीन कला संग्रहालयाचा ‘रादिओ वेब माक्बा’ २००६ पासून चालू आहे. नावात रेडिओ असला तरी त्याचा कणा संशोधन करून बनवलेले सुटे भाग हाच आहे. न्यूयॉर्कच्या पी.एस.१ या समकालीन कला केंद्राने २००४ मध्ये सुरू केलेला रेडिओही इंटरनेटवरच होता. म्हणजे संग्रहालयाच्या रेडिओला टॉवर लागत नाही, आणि चोवीस तास वाजलंच पाहिजे असंही नाही.

माझं मत विचाराल तर छोट्या संस्थेने आधी सुटे भाग करावेत, आणि तेच भाग एका चक्रात गुंफून सलग प्रवाह चालवावा. एकाच मालातून दोन्ही होतं.

कम्युनिटी रेडिओ ही तिसरी गोष्ट आहे. त्याला एफएमची वारंवारता लागते, त्यासाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी लागते आणि तो अर्ज बराच लांबचा रस्ता आहे. फक्त इंटरनेटवर ऐकवायचं असेल तर वारंवारतेचा परवाना लागत नाही. कॉपीराइट, बदनामी आणि माहिती तंत्रज्ञानाचे कायदे मात्र लागू होतातच.

तपासा: तुमच्या संस्थेत तीन माणसं आहेत का? एक मुलाखती-निवेदन करणारा, एक संकलन करणारा, एक कागदपत्रं आणि वेळापत्रक सांभाळणारा. दोघांवर भागत असेल तर सलग प्रवाहाचा नाद सध्या सोडा. एकटे असाल तर महिन्याला एक भाग करा आणि त्याला रेडिओ म्हणा, कुणी अडवत नाही.

टप्पा २. दहा तासांचा साठा करा, मगच तारीख सांगा

हिशेब असा. पाच तासांचं चक्र फिरतं ठेवायचं, पाच तास राखीव. दर आठवड्याला चक्रातला एक तास काढून नवा घालायचा, म्हणजे प्रत्येक कार्यक्रम पाच आठवडे वाजतो. राखीव पाच तास म्हणजे पाच आठवड्यांची सवड. गणपती, दिवाळी आणि प्रदर्शनाची धावपळ यांत ती पुरते.

चक्र पाचच तासांचं का? सहा किंवा आठ तासांचं चक्र चोवीसात पुरं बसतं, आणि मग रोज सकाळी नऊला ऐकणाऱ्याला रोज तोच कार्यक्रम ऐकू येतो. पाच तासांचं चक्र दररोज एक तास पुढे सरकतं. आज नऊला वाजलेलं उद्या दहाला येतं. नऊच्या श्रोत्याला पाच दिवस वेगवेगळं मिळतं. ही साधी गोष्ट न कळल्यामुळे भरपूर माल असलेला रेडिओही शिळा वाटतो.

तयार बोलक्या कार्यक्रमाच्या एका तासामागे सहा ते आठ तासांचं काम धरा. म्हणजे फावल्या वेळात काम केलं तर उद्घाटनाआधी दोघा-तिघांचे दोन-अडीच महिने जाणार. ते जाऊ द्या.

माल कुठला? इथे सांगली-मिरजेची चैन आहे. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत जा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे कापले जातात, घासले जातात, त्यांना गळा बसतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बातम्या भरपूर आल्या, पण घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, घासून जवारी काढताना आवाज टप्प्याटप्प्याने कसा उघडत जातो हे वाचून कळत नाही, ते ऐकावंच लागतं. आधी कोरडा टणत्कार, मग घासणी, पुन्हा छेड, पुन्हा घासणी, आणि मग अचानक तार बोलू लागते. अर्ध्या तासाचा कार्यक्रम तिथेच आहे, निवेदन दोन मिनिटांपेक्षा जास्त नको. हळदीच्या सौद्यातला गलबला, कृष्णाघाटावरची पहाट, नाट्यमंदिरातला तिसऱ्या घंटेआधीचा पडद्यामागचा भाग, हे सगळं ध्वनिकलेचा कच्चा माल आहे. तुमच्या कलावंतांना तो द्या आणि त्यांना त्यातून काहीतरी घडवू द्या. मुलाखतींवर मुलाखती लावत बसण्यापेक्षा ते संग्रहालयाच्या रेडिओला जास्त शोभतं.

*चित्र कानाने कसं दाखवायचं*

बहुतेक चुका इथे होतात म्हणून जरा थांबतो. संग्रहालयाच्या रेडिओवर कलाकृतीबद्दल बोलताना निवेदक दोनपैकी एक गोष्ट करतो: एक तर कॅटलॉगमधला परिच्छेद वाचतो, नाही तर “अतिशय सुंदर, मनाला भिडणारं” म्हणतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन्हींतून काही उभं राहत नाही.

क्रम असा ठेवा. आधी आकार, तोही माणसाच्या शरीराच्या मापाने: हात पसरले तर कडा गाठता येतील का, वाकून बघावं लागतं का. मग साहित्य: कापड, पत्रा, माती, जुनी लाकडी चौकट, पडद्यावर चाललेली चित्रफीत. मग नजर पहिल्यांदा कुठे जाते आणि तिथून कुठे सरकते. मग जवळ गेल्यावर काय बदलतं. कलावंताचं नाव, वर्ष आणि हेतू त्यानंतर. अर्थ सगळ्यात शेवटी, आणि तोही कलावंताच्या तोंडून आला तर बरा.

नमुना म्हणून एक मनातली कलाकृती घेऊ: “दारातून आत आलात की समोरच्या भिंतीवर एक पत्रा आहे. तुमच्या उंचीपेक्षा हातभर उंच. लांबून तो गंजलेला वाटतो. तीन पावलं पुढे या. गंज नाही तो, हळद आहे. बोटांचे ठसे दिसतायत, खाली दाट, वर विरळ. वरच्या कोपऱ्यात एकच ठसा आहे, लहान मुलाचा.” चाळीस-पन्नास शब्दांत चित्र उभं राहतं. यात एकही विशेषण कौतुकाचं नाही.

तपासा: लिहिलेलं वर्णन ज्याने ती कलाकृती पाहिलेली नाही अशा माणसाला वाचून दाखवा आणि त्याला कागदावर ढोबळ आकृती काढायला सांगा. आकृती साधारण जुळली तर ध्वनिमुद्रण करा.

टप्पा ३. कागद: कुणाचा हक्क, किती दिवस, कुठे

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच टाळला जातो. ध्वनिमुद्रणानंतर सही मागायला गेलात तर माणूस सावध होतो. सही आधी, चहा नंतर, रेकॉर्डिंग त्याच्यानंतर.

एकपानी संमतिपत्र मराठीत करा. त्यात इतकं हवं: कुणाचं, कधी, कुठे मुद्रण केलं, ते थेट प्रवाहात, संग्रहात आणि समाजमाध्यमांवरच्या तुकड्यांत वापरता येईल का, नाव कसं घ्यायचं, मानधन किती किंवा विनामूल्य, काढून टाकायचं असेल तर कुणाला कळवायचं. अल्पवयीन असेल तर पालकाची सही.

आणि दोन ओळी कधीही विसरू नका: मुदत आणि प्रदेश. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. इंटरनेट रेडिओ दुबईतला सांगलीकरही ऐकणार. तेव्हा “जगभर” आणि “इतकी वर्षं” असं स्पष्ट लिहा.

आता नेहमी होणारे तीन गैरसमज.

पहिला: “कलाकृती आमच्या संग्रहात आहे, म्हणजे हक्क आमचा.” तयार कलाकृती विकत घेतली की वस्तू तुमची झाली, कॉपीराइट आपोआप तुमचा होत नाही. चित्राबद्दल बोलायला हरकत नाही. पण ध्वनिकलाकृती किंवा चित्रफितीचा आवाज जसाच्या तसा वाजवायचा तर कलावंताची लेखी परवानगी लागते.

दुसरा: “जुनं गाणं आहे, चालतं.” ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९६० मध्ये निघालेल्या तबकडीवरचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. पण त्यातले शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा: कवी किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. कवी १९७० साली गेले असतील तर त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३० संपेपर्यंत आहे. एका गाण्यात असे दोन-तीन थर असतात, आणि तिन्ही तपासावे लागतात.

तिसरा: “आकाशवाणीला आणि एफएमला जशी ठरलेल्या दराने गाणी लावता येतात तशी आम्हालाही येतील.” नाही. प्रसारकांसाठीचा तो वैधानिक परवाना इंटरनेटवरच्या सेवांना लागू नाही असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि खंडपीठाने २०२२ मध्ये तो कायम ठेवला. म्हणजे सिनेमाची गाणी लावायची तर शब्द-संगीतासाठी गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएससारख्या संस्थेशी आणि मुद्रणासाठी कंपनीशी, असे वेगळे व्यवहार.

माझा सल्ला: सिनेमाच्या गाण्यांच्या वाटेलाच जाऊ नका. गावात गाणारे-वाजवणारे इतके आहेत की त्यांना बोलवा, पारंपरिक बंदिश त्यांच्याकडून स्वतः मुद्रित करा, मानधन द्या, सही घ्या. गाणाऱ्याचा आणि साथीदारांचा सादरीकरणाचा हक्क वेगळा असतो, म्हणून तबलजी आणि पेटीवाल्याचीही सही हवी. तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येची तर हमखास राहते.

सावधान: बाजारात किंवा घाटावर मुद्रण करताना मागे कुठल्या तरी मंडळाच्या स्पीकरवर गाजलेलं गाणं चालू असतं. तो भाग संग्रहात ठेवा, पण प्रसारणासाठी दुसरी वेळ गाठून पुन्हा मुद्रण करा. असे तुकडे व्हिडिओच्या संकेतस्थळांवर टाकले की स्वयंचलित यंत्रणा गाणं ओळखते आणि भाग अडकतो.

टप्पा ४. खोली आधी, मायक्रोफोन नंतर

प्रदर्शनाचं दालन मुद्रणासाठी सगळ्यात वाईट जागा: पांढऱ्या उघड्या भिंती, फरशी, उंच छत. मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीची शेपटी ऐकू आली की तिथे मुलाखत नको. कलाकृती गुंडाळून ठेवायची खोली, कपड्यांनी भरलेली कोठी किंवा पुस्तकांची खोली शोधा. जमिनीवर सतरंजी, बोलणाऱ्याच्या समोरच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगा. महागड्या फोमच्या चौकटींपेक्षा आधी हे करून बघा.

पंखा बंद. फ्रिज बंद, आणि त्यात गाडीची किल्ली ठेवा म्हणजे जाताना तो पुन्हा चालू करायचं लक्षात राहील. ट्यूबलाइट गुणगुणत असेल तर तीही बंद. सगळ्यांचे मोबाइल विमान मोडवर. सांगलीच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून तासभर मुलाखत होणार नाही, तेव्हा सकाळी लवकर बोलवा आणि वीस-वीस मिनिटांनी थांबा. भडंगाची पुडी मुलाखत संपल्यावर उघडा. कागदाचा तो चुरचुर आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही.

मायक्रोफोन डायनॅमिक प्रकारचा घ्या. कंडेन्सर जास्त बारीक ऐकतो, आणि साध्या खोलीत तो शेजारच्यांचा कुकरही ऐकतो. तोंडापासून एक वीत अंतर, जरा तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फुत्कार थेट लागत नाही. दोन माणसं असतील तर दोन मायक्रोफोन आणि दोन वेगळे ट्रॅक. बाहेरच्या मुद्रणासाठी हातात मावणारा रेकॉर्डर आणि त्यावर केसाळ वाराबंद टोपी. कान पूर्ण झाकणारा हेडफोन लावल्याशिवाय लाल बटण दाबायचं नाही.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. स्टीरिओ असेल तर तासाला साधारण १ जीबी जागा जाते, त्या हिशेबाने कार्ड न्या. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळू द्या. माणूस हसला की ती वर उसळतेच, तेवढी जागा मोकळी हवी.

बोलणं संपलं की उठू नका. सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवा आणि खोलीची शांतता मुद्रित करा. संकलनात वाक्यांमधली फट भरायला ती लागते. पूर्ण कोरी शांतता घातली तर कानाला खड्डा जाणवतो.

कारागिरांशी बोलताना प्रश्नावली वाचू नका. “अण्णा, ही घोडी कशाची हो?” एवढ्यावर ते सुरू होतात. “तुमच्या कलाप्रवासाविषयी काय सांगाल?” विचारलंत की छापील उत्तर येतं. आणि “हं, हं” असा हुंकार देऊ नका, मान डोलवा. संकलन करणारा दुवा देईल.

सावधान: तंबोरा किंवा सतार मोबाइलवर मुद्रित करू नका. फोनमधली गोंगाट-निवारण यंत्रणा सतत चालणाऱ्या नादाला गोंगाट समजते आणि दाबते. संकलन करतानाही तंबोऱ्यावर नॉइज रिडक्शन चालवू नका. जवारीमुळे उमटणारे वरचे बारीक स्वर पहिल्यांदा त्यातच मरतात.

टप्पा ५. संकलन आणि आवाजाची उंची

ऑडॅसिटी हे संकलनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरतं. क्रम: मूळ फाइलची प्रत करा आणि मूळ फाइलला हात लावू नका. मग नको तो भाग काढा. मग बोलण्यावर ८० हर्ट्झखालचा भाग कापणारा फिल्टर लावा, विजेची घरघर आणि टेबलावरची थाप त्यात बरीचशी जाते. वाद्यांवर तो न ऐकता लावू नका. शेवटी आवाजाची उंची समान करा.

हे शेवटचं कुणी करत नाही, आणि श्रोता सगळ्यात जास्त त्यालाच वैतागतो: मुलाखत हळू, म्हणून आवाज वाढवला, की पुढची ध्वनिकलाकृती अंगावर येते. सगळे कार्यक्रम उणे १६ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी उंचीचं हे माप) आणा, शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ऑडॅसिटीत ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ हाच पर्याय आहे. मोनो फाइल असेल तर तिथली दुहेरी मोनोची खूण करा, नाहीतर पातळी चुकते. कलावंताने मुद्दाम अगदी हळू ठेवलेली कलाकृती मात्र त्याला विचारून वेगळी ठेवा आणि आधी निवेदकाकडून सांगा की आता आवाज बारीक असणार आहे.

फाइलचं नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय, इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता. “अंतिम”, “अंतिम नवीन”, “खरंच अंतिम” असली नावं ठेवणाऱ्याकडून संकलनाचं काम काढून घ्या. श्रोत्याला दिसणारं शीर्षक फाइलच्या आतल्या माहितीत देवनागरीतच भरा.

तपासा: तयार कार्यक्रम हेडफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर आणि चालू स्वयंपाकघरात, असा तीनदा ऐका. तिसऱ्या ठिकाणी शब्द कळले तर तो तयार.

टप्पा ६. आता सर्व्हर

घरच्या किंवा संग्रहालयाच्या संगणकावरून श्रोत्यांना थेट प्रवाह देऊ नका. गणित बघा. १२८ केबीपीएसचा प्रवाह एका श्रोत्याला तासाला ५७.६ एमबी देतो. पन्नास श्रोते एकाच वेळी आले तर तुमच्या जोडणीतून सतत ६.४ एमबीपीएस बाहेर जाणार. भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलंत तर तुमच्याकडून फक्त एकच प्रवाह वर जातो, बाकीची वाटणी तो करतो. सरासरी वीस श्रोते दिवसरात्र धरले तर महिन्याला साधारण ८३० जीबी वाहतूक होते. सर्व्हर घेताना आधी ही मर्यादा वाचा, किंमत मागाहून. सर्व्हर मुंबईतला मिळाला तर उत्तम.

त्यावर अझुराकास्ट हे मुक्त सॉफ्टवेअर बसवा. फाइल चढवणं, यादी, वेळापत्रक आणि थेट प्रसारणाची खाती त्यात एकाच जागी मिळतात, आत प्रवाह वाटणारा आइसकास्ट आणि यादी वाजवणारा लिक्विडसोप चालतात. रॅम २ जीबीपेक्षा कमी नको, ४ असेल तर निवांत. बसवून झाल्यावर या जागा एकेक करून बघा.

स्टेशनचा कालविभाग. तो जागतिक प्रमाणवेळेवर राहिला तर सकाळी नऊचा कार्यक्रम दुपारी अडीचला वाजतो. वेळापत्रक बिघडल्याची तक्रार आली की पहिल्यांदा हेच बघा.

यादीचा क्रम. पाच तासांचं चक्र क्रमवार वाजलं पाहिजे, उलटसुलट (शफल) पद्धतीने नाही.

पासवर्ड. नुसता आइसकास्ट बसवला असेल तर त्याच्या मूळ नमुना फाइलमधला पासवर्ड जगाला माहीत आहे, तो बदलल्याशिवाय पत्ता कुणाला देऊ नका.

देवनागरी. एमपी३ प्रवाहाची अक्षरपद्धती यूटीएफ-८ करा, नाहीतर कार्यक्रमाच्या नावाच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात.

शांतता ओळखणारी यंत्रणा. काही सेकंद आवाज आला नाही की राखीव यादीवर उडी मारायची सोय चालू ठेवा. पण समकालीन ध्वनिकलेत लांब शांतता हा कलाकृतीचाच भाग असू शकतो. अशा कलाकृतीतली सर्वांत लांब शांतता मोजा आणि मर्यादा तिच्यापेक्षा जास्त ठेवा. कलावंताची चाळीस सेकंदांची शांतता कापून तुमची जिंगल वाजली तर तो पुन्हा फोन उचलणार नाही.

प्रवाह दोन ठेवा: १२८ केबीपीएसचा एमपी३ आणि कमी डेटावाल्यांसाठी ६४ केबीपीएसचा एएसी. फक्त ऑगमधला ओपस ठेवू नका, जुन्या आयफोनवर तो वाजत नाही.

टप्पा ७. पान आणि भिंतीवरचा क्यूआर

पानावर मोठं “ऐका” बटण. पान उघडताच आपोआप वाजवायचा प्रयत्न करू नका, ब्राउझर तो अडवतात आणि श्रोत्याला रेडिओ बंद आहे असं वाटतं. पान सुरक्षित जोडणीवर असेल तर प्रवाहही सुरक्षितच हवा, नाहीतर बटण दाबूनही काही होत नाही. प्रत्येक भागाखाली बोलण्याचा लिखित मजकूर द्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तोच कार्यक्रम आहे.

दालनात कलाकृतीशेजारी क्यूआर लावताना एक चूक सगळीकडे दिसते: तो थेट प्रवाहाकडे नेतो. समोर पत्र्यावरची हळद आणि कानात सौद्याचा गलबला. क्यूआर त्या कलाकृतीच्या भागाकडेच न्यायला हवा.

टप्पा ८. आठवडाभर गुपचूप चालवा

पत्ता आठ-दहा जणांनाच द्या. संग्रहालयाच्या वायफायवर ऐकून “मस्त चाललंय” म्हणण्यात अर्थ नाही. एकाला सांगलीहून मिरजेला एसटीने जाताना मोबाइल डेटावर ऐकायला सांगा, एकाला रात्री दोनला, एकाला स्वस्तातल्या जुन्या फोनवर. तुटलं तर वेळ लिहून ठेवायची.

थेट प्रसारणाचा सरावही याच आठवड्यात. बोललेला शब्द श्रोत्यापर्यंत दहा ते तीस सेकंद उशिरा पोचतो. फोनवर आलेला पाहुणा स्वतःचा रेडिओ चालू ठेवून बोलला की गोंधळ उडतो. पहिलं वाक्य हेच: “काका, आधी तुमच्याकडचा रेडिओ बंद करा.”

टप्पा ९. वीज आणि पाणी

वीज गेली तर सर्व्हर दूर असल्यामुळे चक्र चालूच राहतं. थेट कार्यक्रमासाठी मात्र फायबरचा मोडेम आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. एकच ठेवून उपयोग नाही.

पाण्याचं काय? २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावात तळमजल्यावर स्टुडिओ करू नये, एवढंच सांगणं पुरे. पर्याय नसेल तर सगळं सामान दोन पेट्यांत मावेल इतकंच ठेवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. चाळीसची वाट बघत बसलात तर पेट्या उचलायला माणसं मिळणार नाहीत, कारण तेव्हा प्रत्येकाला स्वतःचं घर असतं. कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की पेट्या वर.

आणि पुराच्या दिवसांत रेडिओवरून पाण्याच्या पातळीचे ऐकीव आकडे सांगायचा मोह आवरा. जिल्हा प्रशासनाच्या सूचनांकडे बोट दाखवा आणि आपलं चक्र चालू ठेवा. बातम्या देणाऱ्या माध्यमांना २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम लागू होतात, आणि चुकीच्या आकड्याने लोक उगाच पळतात किंवा उगाच थांबतात.

मूळ मुद्रणांच्या तीन प्रती: एक संकलनाच्या संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक नदीकाठापासून लांब, विट्याला किंवा जतला कुणाच्या तरी कपाटात. संमतिपत्रांचे स्कॅनही त्याच डिस्कवर टाका. दर तीन महिन्यांनी ती डिस्क आणून एखादी फाइल खरंच उघडते का ते बघा.

डोमेन, सर्व्हर आणि ईमेल यांची नोंदणी संस्थेच्या नावाने करा, एखाद्या हौशी विद्यार्थ्याच्या नावाने नको. तो पुण्याला नोकरीला गेला की नूतनीकरणाचा ईमेल त्याच्या जुन्या खात्यात पडून राहतो. पासवर्ड दोघांकडे हवेत, आणि ते दोघे एकाच घरातले नसावेत.